धुपाची वेळ

अंबादासने माझ्या धुपाटण्यावर स्टीलची ताटली उपडी घातली. तोंडातून एक शब्द नाही. मी कारखान्याच्या दारात उभी, निखाऱ्यांवर ऊद नुकताच टाकलेला, पहिला धूर कुठे वर चढत होता, आणि हा चाळिशी ओलांडलेला माझा थोरला समोरून आला, चहाच्या टेबलावरची ताटली उचलली आणि भातावर झाकण ठेवावं तशी ठेवली. धूर कडेकडेने धडपडला आणि आत गुदमरला.

"काय रे हे?"

"अम्मा, आजपासून धूप बंद."

"कोण म्हणतो?"

"मशीनवाले म्हणतात. फोनवर विचारलं मी. धूर, धूळ, काजळी, काही चालत नाही म्हणाले. रोज तुझा धूप झाला की कोपऱ्यातला तो मशीनचा डबा बंद पडतोय, हे तुला दिसत नाही का?"

"मला दिसतं. तुला बोलता येतं की नाही ते बघत होते. आईच्या हातातल्या निखाऱ्यांवर ताटली झाकतोस, तोंडाने थांब म्हणता आलं नसतं?"

"थांब म्हटल्यावर तू थांबतेस का?"

माग थांबलेले होते, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. कामगार खाली बघत अंगावरचं सूत झटकू लागले. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण भांडण मी मराठीतच करते. चार माणसांना कळलं नाही तर भांडून उपयोग काय?

"धूप द्यायचाच असेल तर घरच्या देवाला दे," अंबादास म्हणाला आणि आत गेला.

मी ताटलीसकट धुपाटणं घेऊन घरी आले. पदर पोळला तेही कळलं नाही.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा माझे गुडघे चालत होते. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई, पण सोलापुरात येमूलांच्या चादरीच्या कारखान्यात दिवेलागणीला माग थांबायचे ते माझ्यासाठी, आणि माझ्या आधी माझ्या सासूसाठी. आधी आम्हा विणकरांचा मूळपुरुष मार्कंडेय, त्याच्या तसबिरीपुढे, मग एकेका मागापुढे, शेवटी कोपऱ्यातल्या खोलीत, असा माझा फेरा. मालक म्हणजे माझे यजमान, मल्लेशम येमूल, कडक माणूस. तेल घाला, पट्टा बदला, मशीनला काय हात लावायचा तो धुपाच्या वेळी लावा, एरवी माग थांबता कामा नये, असा त्यांचा नियम. मालक गेले, नियम राहिला. पोरांच्या अंगात तो असा भिनला होता की अंबादास घरातला पंखासुद्धा दिवेलागणीलाच पुसायचा.

कोपऱ्यातली ती खोली पूर्वी कार्डांची. मालक चौकटींच्या कागदावर नक्षी काढायचे, मग चौकटी मोजत पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे, आणि त्या पुठ्ठ्यांच्या माळा मागावर चढल्या की सूत आपलं आपण फूल व्हायचं. कागद वाळवीने नेले. माळा राहिल्या. मग नवे माग आले. त्यांना पुठ्ठा नको होता. धाकटा श्रीहरी कित्येक महिने त्या खोलीत बसून होता, एकेक माळ वाचून त्याने कॉम्प्युटरमध्ये भरली, आणि भरून झाल्यावर पुठ्ठे भंगारात गेले. त्याच जागी हे मशीन बसलं. सर्व्हर म्हणतात म्हणे त्याला. मी डबा म्हणते. काळा, उभा, कपाटाएवढा, पुढे काचेचं दार, पोटात हिरवे दिवे लुकलुकतात. त्याच्यातून सगळ्या मागांना तारा गेल्यात. माग विणता विणता विचारतो, पुढे काय? डबा सांगतो. तेवढं विणून झालं की माग पुन्हा विचारतो.

आमच्या लोकांत सांगतात, पहिलं कापड कमळाच्या देठातल्या तंतूंचं विणलं गेलं. मालकांनी ते फार मनावर घेतलं होतं. त्यांची नावाजलेली नक्षी म्हणजे चादरीच्या पायथ्याशी पाणी, पाण्यातून वर येणारे देठ, आणि बरोबर छातीशी फूल. पांघरणाऱ्याच्या छातीवर कमळ उमललं पाहिजे, असं म्हणायचे. बाजारात नावच पडलं, येमूल कमळ. मालक गेल्यावर त्यांचा फोटो मी भिंतीवर लावला खरा, पण त्यांना बघायचं झालं की मी मागावर जाऊन कमळ बघायची.

आता पोरांचं सांगते. दोघे वाईट नाहीत. पण वडील गेल्यापासून दोघांचं बोलणं माझ्यामार्फत. अम्मा, त्याला सांग. अम्मा, त्याला विचार. श्रीहरी संध्याकाळी गोदामाला कुलूप लावून घरी यायचा. अंबादास जेवून पाय मोकळे करायला निघायचा, गोदामापाशी जायचा, श्रीहरीचं कुलूप ओढून बघायचा, आणि शेजारी स्वतःचं एक लावून यायचा. सांगायचा नाही. सकाळी श्रीहरी किल्ली घेऊन दारात उभा, आणि कडीला दुसरं कुलूप. मग आमचा जॉबर सिद्राम, मागांची दुरुस्ती बघणारा, घरी धावत यायचा, "अम्मा, मोठ्या अण्णांची किल्ली द्या." यावर अख्खा कारखाना हसायचा. मीसुद्धा हसायची.

तर धूप बंद झाला. दुसऱ्या दिवशी मी कारखान्याकडे फिरकले नाही. घरच्या देवालाही धूप दिला नाही. देवाला कळू दे कुणामुळे उपास घडतोय ते. दिवेलागणीला ओट्यावर बसून लसूण सोलत होते, तेवढ्यात सिद्राम धावत आला.

"किल्ली खुंटीला आहे," मी म्हटलं.

"किल्ली नको, अम्मा. डबा गेला."

"मी धूप दिला का आज?"

"नाही."

"मग कसा गेला?"

सिद्राम जोत्यावर टेकला. त्याला धाप लागली होती. "धुपाच्या वेळीच गेला, अम्मा. तुम्ही नव्हता, तरी सगळ्यांनी सवयीने माग थांबवले. हात जोडून उभे राहिले. तसबिरीपुढे कोणीच नाही, तरी उभे राहिले. आणि आत डब्याचा पडदा निळा पडला."

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंद झाला. मी लसणाचं ताट बाजूला केलं. "म्हणजे माझा धूप सुटला. अंबादासला सांग, ताटली परत द्यायला येतेय."

"रोज पडायचा, रोज उठायचा," सिद्राम म्हणाला. "आज उठत नाही. श्रीहरीअण्णा रडायच्या बेतात आलेत."

मी तशीच निघाले, लसणाच्या हातांनी.

दारातच सिद्रामने एक चादर जमिनीवर पसरली. आत काय झालंय हे कळायच्या आधी माग सुरू केले होते म्हणे. मागांनी विचारलं, पुढे काय? डबा गप्प. मग मागाला जे शेवटचं सांगितलेलं होतं तेच तो पुन्हा पुन्हा विणत बसला. पायथ्याशी पाणी होतं. पाण्यातून देठ निघाले होते. देठ वर चढले. छातीची जागा आली, गेली. गळ्याची आली, गेली. डोक्याच्या वरून देठ निघून गेले तरी फूल नाही. शेवटपर्यंत देठच देठ. हिरव्या उभ्या रेघा, माणसाहून उंच, कुठेच न पोचणाऱ्या.

मी चादरीवर पाय पडू न देता कडेने आत गेले.

श्रीहरी खोलीत जमिनीवर बसला होता. अंबादास दाराला टेकून उभा. दोघांच्या मध्ये तो डबा, आणि त्याच्या पोटात हिरव्याऐवजी पिवळे दिवे.

"अम्मा, डिस्क दिसत नाहीत," श्रीहरी म्हणाला.

"मला कळेल असं सांग."

"ज्या चकत्यांवर नक्ष्या असतात ना, त्या. मशीन म्हणतंय, अशा चकत्या मला लावलेल्याच नाहीत."

"दुसरी प्रत ठेवतोस ना तू?"

"ठेवतो. पण जागा कमी पडते म्हणून जुनी पुसून तिच्यावर नवी. रोज मशीन उठलं की ती पुरी व्हायची, आज नवी निघता निघता हे झालं. अर्धीच आहे. उघडत नाही."

"नायनांचं सगळं?" मी विचारलं.

वडिलांना आमच्यात नायना म्हणतात. श्रीहरीने मान खाली घातली. "सगळं. कमळसुद्धा."

मग दारातून अंबादास म्हणाला, "धूर वर्षानुवर्षं बसलाय आत. एक दिवस न देऊन काय होणार?"

"अंबादास, मार्कंडेयाच्या तसबिरीची काच बघून ये. तिथे धूर दिसेल. या डब्याच्या काचेत बघ, तुझं तोंड दिसेल. कारण ही काच मी रोज पदराने पुसते. आता तोंड बघितलंस? मग मिट ते."

त्या रात्री कुणी जेवलं नाही. मी पानं वाढली, पानं उचलली.

सकाळी मशीनवाल्यांनी माणूस पाठवला. माणूस म्हणजे पोरगी. तबस्सुम मुजावर तिचं नाव. स्कूटीवरून उतरली, डोक्याचा रुमाल सोडला, पाठीवरची पिशवी पुढे घेतली आणि सरळ माझ्याकडे आली.

"आजी, पाणी मिळेल?"

"आजी कुणाला म्हणतेस?"

"मग काय म्हणू?"

"इथे सगळे अम्मा म्हणतात."

"अम्मा, पाणी मिळेल? थंड नको, घसा धरलाय."

मागताना लाजली नाही, हे मला आवडलं. मी स्वतः पाणी आणून दिलं.

अंबादासने तिला धुराची सगळी कथा सांगितली. तिने डब्याचं झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि बोट त्याच्यापुढे धरलं. "हा धूर नाही, काका. कापसाचं तूस आहे, तेही थोडंसं. याने मशीन मरत नाही. पडतं कधी?"

"रोज धुपाच्या वेळी," तिघांनी एकदम सांगितलं.

"म्हणजे किती वाजता?"

"सूर्य मावळला की," मी म्हटलं.

"सूर्य रोज एकाच वेळी मावळत नाही, अम्मा."

"मग माझा धूपही रोज एकाच वेळी नसतो. परवा मी उशिरा आले, काल तर आलेच नाही."

"आणि मशीनने लिहून ठेवलंय, रोज बरोबर सातला पडलं. मिनिटाचा फरक नाही." तिने खुर्ची ओढली. "तुमचा धूप सूर्य बघतो. हा दुसराच कोणीतरी आहे, घड्याळ बघणारा."

मी अंबादासकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

तबस्सुमने डबा अर्धाच जागा केला. तिचेच शब्द सांगते, "फक्त श्वास चालू ठेवते, बाकी सगळं झोपलेलं राहू दे." मग पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या आणि ती वाचत बसली. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून मी तिचं तोंड वाचत होते. आधी कपाळाला आठी. मग ओठ दुमडले. मग एकदम भुवया वर.

"हं," ती म्हणाली.

"हं काय? माणसं इथे उपाशी आहेत."

"अम्मा, इथे दोन राखणदार बसलेत."

"कोण राखणदार?"

"अँटीव्हायरस. बाहेरून घाण येऊन फायली खराब करू नये म्हणून मशीनमध्ये एक राखणदार बसवतात. कुठलीही फाइल उघडली की तो आधी हातात घेऊन तपासतो, मग सोडतो. एक असला की छान चालतं. इथे दोन आहेत, आणि दोघांना एकमेकांची ओळख नाही. पहिल्याने फाइल हातात घेतली, की दुसऱ्याला वाटतं, कोण हात लावतंय? तो धावतो, तीच फाइल धरतो. त्याने धरली म्हणून पहिला पुन्हा धरतो. एरवी एखाददुसरी फाइल असते, निभून जातं. मशीन जड चालत असेल फक्त."

"महिनाभर जड चालतंय," श्रीहरी म्हणाला.

"आणि सातला दोघांची मोठी तपासणी. दोघेही एकदम उठतात आणि प्रत्येक फाइल पहिल्यापासून धरायला लागतात. त्यात तुमची प्रत काढणंही सातलाच. चकत्यांना उत्तर द्यायला सवड मिळत नाही. वरचा कंट्रोलर हाका मारतो, उत्तर नाही. पुन्हा मारतो, उत्तर नाही. तो म्हणतो, मेली ही चकती, आणि बाहेर काढतो. मग मशीन कोसळतं."

"पण दोन असले तर राखण जास्त होईल ना?" अंबादासने विचारलं. आवाज असा, जणू सहज.

"नाही काका. राखण होत नाही, झटापट होते."

मी त्या काळ्या डब्याकडे बघत राहिले. बाहेरून केवढा शांत. इतके दिवस मी रोज त्याच्यापुढे उभी राहून धूप ओवाळत होते, आणि त्याच क्षणी त्याच्या पोटात दोन राखणदार मालकांच्या कमळावर हात ठेवून एकमेकांना सोड, सोड म्हणत होते. चोर कुणीच नव्हता. दोघेही राखतच होते. राखता राखता दोघांनी कमळाचा गळा दाबला होता.

"पोरी, चकत्या मेल्या का?" मी विचारलं.

"मला नाही वाटत. मेल्या म्हणून बाहेर काढल्यात. त्यांना पुन्हा आत घ्यावं लागेल. पण त्याआधी एक राखणदार घालवायचा. कुठला ठेवू?"

"कुठलाही ठेव," श्रीहरी म्हणाला. "नक्ष्या वाचव फक्त."

"श्रीहरीचा ठेवा," अंबादास म्हणाला.

श्रीहरीने सावकाश मान वर केली. "माझा ठेवा म्हणजे? दुसरा कुणाचा आहे?"

अंबादासच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, त्यावर त्याचा हात गेला, जसा लहानपणी चड्डीच्या नाडीवर जायचा.

मला सगळं कळलं. ते कळायला यंत्र कळावं लागत नाही. श्रीहरी उठत होता, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"आधी कमळ," मी म्हटलं. "मग पंचनामा."

तबस्सुमने एक राखणदार घालवला. त्याला वेळ लागला, जाता जाता तो चारदा विचारत होता, खरंच जाऊ का? मग तिने डब्याचं दार उघडलं, एकेक चकती थोडी बाहेर ओढून पुन्हा आत बसवली. पडद्यावर एक चौकोन आला. त्यात दोन ओळी आणि दोन बटणं.

तिचा हात थांबला.

"काय म्हणतंय ते?" मी विचारलं.

"म्हणतंय, या चकत्या मला परक्या वाटतात. जुन्या म्हणून आत घेऊ, की नव्या समजून पुसू?" तिने रुमालाने तळहात पुसला. "दोन्ही बटणं अगदी शेजारी ठेवलीत बघा. ज्याने हे बनवलं त्याला घरी कुणी मारत नसणार."

"तुला कुठलं ते ठाऊक आहे ना?"

"आहे. तरी आत्ता कुणी बोलू नका."

माग बंद होते. बाहेरच्या कामगारांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तेही गप्प झाले. आमच्या कारखान्यात भर दिवसा इतकी शांतता मी फक्त मालकांना नेलं त्या दिवशी ऐकली होती. तिने बटण दाबलं.

काही नाही. पिवळे दिवे तसेच.

मग खालचा एक दिवा विझला. मला वाटलं संपलं. तो पुन्हा लागला, हिरवा. त्याच्या वरचा विझला, लागला, हिरवा. एकेक करत हिरवं वर चढत गेलं, अगदी देठ चढावा तसं, आणि मी श्रीहरीचा खांदा इतका आवळला की दोन दिवस त्याला वळ होते. शेवटचा दिवा लागला तेव्हा डब्याच्या पोटातून घरघर आली, झोपलेलं माणूस कूस बदलताना करतं तशी.

"आल्या," तबस्सुम म्हणाली. "सगळ्या आल्या. कुठली फाइल उघडू?"

"कमळ," मी म्हटलं.

पडद्यावर आधी नुसत्या चौकटी आल्या. मग रंग भरत गेला. पाणी, देठ, आणि वर फूल. मी आयुष्यभर ते फूल सुतात बघितलं होतं, हाताने चाचपलं होतं. पण असं, उजेडाचं, हवेत लटकलेलं, कधीच बघितलं नव्हतं. मी नकळत पदर डोक्यावर घेतला.

"मोठं करता येतं का हे?"

"हवं तेवढं."

"उजवीकडची तिसरी पाकळी."

तिने मोठं केलं. पाकळी पडदाभर झाली. तिच्या टोकाला, कडेच्या बाहेर, एकच गुलाबी चौकट चुकार पोरासारखी उभी होती.

ही चौकट मला ठाऊक होती. नक्षी झाली त्या दिवशी मी मालकांना चहा घेऊन गेले होते आणि म्हटलं होतं, ही पाकळी बाहेर आलीय. त्यांनी चौकटी मोजल्या. एक जास्त भरली होती, आणि तोवर पुठ्ठ्याला भोकं पडून गेली होती. मी म्हटलं, आता? ते म्हणाले, राहू दे, फूल आहे ते, वीट नाही.

इतक्या वर्षांत कागद गेला, पुठ्ठा गेला, माणूस गेलं. आणि त्यांच्या हातून सुटलेली ती एक चौकट या लोखंडाने जशीच्या तशी धरून ठेवली होती. काल ते मेलं होतं, तेव्हाही धरून ठेवली होती.

"तू नीट का नाही केलीस?" मी श्रीहरीला विचारलं. "एका बोटाचं काम होतं तुला."

"नायनांची आहे ना," तो म्हणाला.

अंबादास दारातून दोन पावलं आत आला. पडद्याजवळ वाकला, बोट पुढे केलं, पण लावलं नाही. "ती चूक?" तो म्हणाला. "तू तीसुद्धा ठेवलीस?" मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तबस्सुम पिशवी आवरत होती. तिला घरातलं काही ठाऊक नव्हतं, आणि विचारायलाही भीती वाटत नव्हती. "एक सांगा, काका. मोठी तपासणी लोक मध्यरात्री लावतात. तुम्ही दोघांनीही सातच का निवडलीत? आपसात ठरवलं होतं का?"

"नाही," श्रीहरी म्हणाला. "मला दुसरा आहे हेच माहीत नव्हतं."

"मग सातच का?"

"धुपाची वेळ," दोघे म्हणाले.

एकाच श्वासात, एकाच सुरात. म्हणाले आणि चमकून एकमेकांकडे बघितलं. वर्षानुवर्षं माझ्या तोंडाने बोलणारी ती दोन माणसं. एकाने दुसऱ्याला विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. तरी मशीनला हात लावायची वेळ निवडताना दोघांचंही बोट घड्याळाच्या त्याच आकड्यावर गेलं होतं, कारण लहानपणी एकाच माणसाने दोघांचे कान पिळले होते. मी भिंतीला हात टेकला. पडद्यावरच्या पाकळीपेक्षा हे मोठं होतं.

"कधी बसवलास?" मी अंबादासला विचारलं.

"हा वारंगळला सासुरवाडीला गेला होता तेव्हा." तो भिंतीशीच बोलत होता. "शेजारच्या टॉवेलवाल्यांचं मशीन व्हायरसने बांधलं, अम्मा. त्यांची एक नक्षी राहिली नाही. त्यांचा म्हातारा रस्त्यात बसून होता. मला झोप येईना."

"भावाला विचारायचंस, राखणदार आहे का म्हणून."

"तो म्हणाला असता, आहे."

"मग झालं की."

"झालं कसं? कुलूप असतं तर ओढून बघितलं असतं. हे कसं ओढून बघायचं? म्हणून आपलं एक लावलं."

श्रीहरी हसला. हसू नये तिथे हसला, डोळ्यांत पाणी असताना. तबस्सुमला वाटलं तिची काही चूक झाली.

तिला मी येमूल कमळाची नवी चादर दिली. नको नको म्हणाली. मी म्हटलं, तिसरी पाकळी बघून घे, आणि नसेल तर परत आण.

संध्याकाळी माग थांबले. मी धुपाटणं घेऊन दारात आले, वर तीच स्टीलची ताटली झाकलेली. सगळे बघत होते. मार्कंडेयाला ओवाळलं नाही, मागांना ओवाळलं नाही, आधी सरळ अंबादासपुढे जाऊन उभी राहिले. त्याने स्वतःहून ताटली उचलली. धूर मोकळा झाला आणि दोघांच्या मधून वर गेला.

"काढलीस ते बरं केलंस," मी म्हटलं. मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आता ऐक. तू राखणीला बसलास ते वडिलांच्या कमळासाठी बसलास, ते मला दिसलं. पण तू बाहेरच्यापेक्षा भावावर जास्त नजर ठेवलीस, आणि घरातलं फूल तुझ्याच हातांनी जाता जाता राहिलं. मोठी तपासणी उद्यापासून रात्री, माझ्या धुपात नाही. गोदामाला एकच कुलूप. ते श्रीहरी लावील. आणि अंबादास, तू ते ओढून बघायचं नाहीस."